आसिफच्या नावावर माझं वाक्य

८ नोव्हेंबर, शनि.

जिंकलो! तिकडचा आमचा फुटबॉल क्लबही जिंकला आणि भाकितात मीही. गंगापूर रोडच्या कॅफेत नेहमीचा कोपरा, सगळी गँग लाल जर्सीत. बरोबर स्कोअर मी एकट्यानेच सांगितला होता. आसिफ सगळ्यात शेवटी. म्हणे, 'मैंने दिल से बोला था.' म्हटलं, म्हणूनच बुडलास.

म्हणजे दंड आसिफला आणि वाक्य माझं. या सीझनला पहिल्यांदा गडी तावडीत सापडलाय. मागे त्याने माझ्या स्टेटसला 'आजपासून घरची भांडी मीच घासणार' असं लावायला लावलं होतं. बायकोने, म्हणजे आमच्या प्रा.ने, ते थेट तिच्या आईला पाठवलं आणि सासूबाई आठवडाभर फोनवर 'जावईबापू, झाली का भांडी?' आता सोडतोय की काय त्याला.

एक नवीन पोरगा आलेला, त्याला नित्याने नियम सांगितले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं वाक्य अख्खा दिवस व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायचं. काढायचं नाही. कोणी कितीही विचारलं तरी खुलासा करायचा नाही, नुसता हसरा चेहरा पाठवायचा. खुलासा केला की पुन्हा दंड. पोरगा म्हणाला, 'घरचे विचारतील ना.' नित्या म्हणाला, 'तीच तर मजा आहे.'

उद्यापासून देशांच्या मॅचेस. दोन आठवडे क्लब नाही. वैताग आहे नुसता. कोण बघतं त्या?

९ नोव्हें., रवि.

सकाळी पोरांचा फुटबॉल क्लास. म्हणजे आसिफचा क्लास. मी फक्त शिट्टी सांभाळतो आणि नंतरच्या मिसळीची वाट बघतो. थंडी चांगली पडायला लागली आहे. आसिफ जुन्या नाशकातून स्कूटरवर येतो, पायाशी बॉलचं जाळं. आमच्या सोसायटीच्या मागच्या मैदानावर चार वर्षं झाली आता. पोरं सर, सर करत त्याला चिकटतात.

सेक्रेटरी वैद्यकाका मफलर गुंडाळून फेऱ्या मारत होते. 'आसिफ, आमच्या नातवाचा डावा पाय जरा सुधार रे!' आसिफ म्हणाला, 'काका, आधी उजवा तरी चालू दे.' काका किती हसले.

मिसळ खाताना आसिफ म्हणाला, 'चष्म्याचं दुकान पोटासाठी आहे रे. हे मात्र माझं आहे.' मी दुसरा पाव मागवत होतो. हं म्हटलं.

११ नोव्हें., मंगळ.

संध्याकाळी इंडियाची मॅच. मैत्रीपूर्ण. समोरच्या देशाचा कीपर म्हणजे आपल्या क्लबचा कीपर! गेल्या महिन्यात त्याचं बोट दुखावलं होतं. तिकडे जाऊन पुन्हा मोडून घेतलं तर आमच्या सीझनची वाट लागली.

दुपारी ऑफिसात डबा खाता खाता सुचलं. आसिफला पाठवलं: 'इंडिया हरली तर हरू दे, पण आमच्या कीपरच्या बोटाला धक्का लागता कामा नये.' स्वतःशीच इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचे जोशी विचारायला लागले काय झालं.

आसिफचा मेसेज आला, 'यार हे जरा... दुसरं दे ना.'

'नियम म्हणजे नियम.'

मग, 'ठीक है बॉस.' आणि लावलं. गँगमध्ये हसून हसून सगळे आडवे.

१२ नोव्हें.

इंडिया हरली. मी मॅच बघितली नाही, लवकर झोपलो.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट. आसिफचा फोटो, आसिफचं नाव, खाली माझं वाक्य. पण अर्धंच. 'इंडिया हरली तर हरू दे' एवढंच ठेवलेलं, पुढचं कापलेलं, आणि भोवती लाल गोल. बी विंगमधल्या कोणीतरी टाकलंय. 'हे लोक आपल्या मुलांना शिकवणार?'

हे लोक.

मी टाइप केलं, 'अहो तो आमच्या खेळातला दंड आहे, वाक्य माझं...' आणि पुसलं. म्हटलं अजून दिवस पुरा झालेला नाही, खुलासा करायचा नसतो. वा रे वा. काय पण नियम पाळणारा माणूस मी.

तोवर खाली अंगठे आणि चिडलेले चेहरे येत होते. आसिफला दोघांनी थेट विचारलं, त्याने दोघांना हसरा चेहरा पाठवला. नियमाप्रमाणे. त्याचाही स्क्रीनशॉट आला. 'बघा, वर हसतोय.'

दुपारी दिवस पुरा झाला आणि त्याने स्टेटस काढलं. तर लोक म्हणाले, घाबरला.

१३ नोव्हें., गुरु.

वैद्यकाकांनी घरी बोलावलं. कमिटीचे अजून दोघं होते. काकूंनी पोहे दिले. काका म्हणाले, 'मंदार, तूच त्याला आणलंस ना इथे? माणूस कसा आहे?'

माणूस कसा आहे! चार वर्षं यांचा नातू त्याच्या हाताखाली खेळतोय. नातवाचा गुडघा फुटला तेव्हा हाच माणूस त्याला उचलून दवाखान्यात घेऊन धावला होता. आणि मी काय सांगितलं? म्हणालो, 'चांगला आहे काका. सज्जन आहे.' भाडेकरूची हमी देतात तसं.

वाक्य माझं आहे हे तोंडात आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात एकजण म्हणाला, 'हल्ली कुणाचं काही सांगता येत नाही,' आणि मी पोह्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

ठरलं असं की तूर्त त्याचा क्लास बंद. वातावरण निवळलं की बघू. 'पण पोरांचं नुकसान नको,' काका म्हणाले. 'तोवर तू घे. तुलाही येतं ना फुटबॉल?'

हो म्हणालो. म्हणजे तोंडातून निघालं. घरी आल्यावर वाटलं की निघालं कसं?

१४ नोव्हें.

आसिफला फोन. त्याला काकांनी मेसेज केलाय, 'काही दिवस येऊ नका'. 'नकोस' नाही, 'नका'. आजवर अरे आसिफ होता, एकदम अहो झाला.

म्हणाला, 'जाने दे. दोन दिवसांत थंड होईल सगळं.'

'मी सांगतो काकांना, वाक्य माझं होतं म्हणून.'

'हां, सांग.'

बस. सांग म्हणाला. जोर दिला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी सांगितलं नाही तर तो माझं नाव कधीच घेणार नाही, हेही मला ठाऊक आहे. त्याच्याच आधारावर बसलोय बहुतेक.

संध्याकाळी काका लिफ्टमध्ये भेटले. हवापाण्यावर बोललो.

१६ नोव्हें., रवि.

क्लास घेतला. मी. शिट्टी गळ्यात, पोरं रांगेत. पहिल्या पाच मिनिटांत पोरांना कळलं की या माणसाला काही येत नाही. नुसतं पळायला लावलं.

एका मुलीने विचारलं, 'आसिफसरांना बरं नाही का?'

'हो, ताप आलाय त्यांना.'

'मग आम्ही भेटायला जाऊ?'

'नको नको. पसरणारा ताप आहे.'

काय बोललो मी हे! तिच्या आईने वर मला डोळ्याने छान म्हटल्यासारखं केलं. पोरांसमोर विषय टाळला म्हणून.

मग एकटाच मिसळ खायला गेलो. वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. उतरली. तर्री दोनदा मागितली. याचीसुद्धा लाज वाटली, पण खाऊन झाल्यावर.

१७ नोव्हें.

प्रा.ने पकडलं. ग्रुपवरची चर्चा वाचत होती. म्हणाली, 'आसिफदादा असं नाही बोलणार. ही खोडी तुझी आहे.'

तिने फोन खाली ठेवला. 'मंदार?'

सगळं सांगितलं. भाकीत, दंड, दुसरं दे ना म्हणाला होता ते. शेवटचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण सांगून बसलो.

'दुसरं दे म्हणाला होता?'

'हो.'

'मग का नाही दिलंस?'

मला वाटलं फार बाऊ करतोय. मला ते वाक्य आवडलं होतं. इंडियाबद्दल मी असलं रोज बोलतो. गेल्याच महिन्यात सोसायटीच्याच गच्चीवर, कोजागरीला, वैद्यकाकांसमोर म्हणालो होतो की आपल्या टीमची मॅच बघण्यापेक्षा मी कपड्यांना इस्त्री करीन. काकांनी टाळी दिली होती. मला कधी कोणी विचारलंच नाही की तू कोणाच्या बाजूचा. त्यामुळे असं कोणी विचारतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

पण त्याच्या डोक्यात होतं. म्हणून तर दुसरं दे म्हणाला.

प्रा. म्हणाली, 'आत्ता जा आणि सांग.' म्हटलं उद्या जातो. ती आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१८ नोव्हें.

गेलो नाही. ऑडिट.

१९ नोव्हें.

गेलो नाही. ऑडिट वगैरे काही नव्हतं आज. उगाच.

२० नोव्हें., गुरु.

ठरवलं. बोलायला जमत नाही ना, मग लाव. तेच वाक्य, शब्द न शब्द, माझ्या स्टेटसला. खाली 'हे मूळ माझंच आहे' असंही लिहिलं. सकाळी ऑफिसला निघताना लावलं आणि फोन उलटा ठेवला. म्हटलं आता पडेल शिव्यांचा पाऊस, पडू दे. माझी लायकीच आहे.

डब्याच्या वेळी बघितलं. हसणारे चेहरे. नुसते हसणारे चेहरे! मेहुणा, ऑफिसातले, सोसायटीतले. 'काय हे मंदार!' 'क्लबवेडा!' बी विंगमधल्या त्या स्क्रीनशॉटवाल्याने अंगठा दिलाय. आणि वैद्यकाका: 'मंदार, तू पण ना! इस्त्री झाली का?' आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा.

कोणी कापलं नाही. कोणी लाल गोल केला नाही.

मी शिव्यांची वाट बघत होतो, आणि माझं कौतुक चाललं होतं. इतकी लाज मला अख्ख्या प्रकरणात वाटली नव्हती.

२१ नोव्हें.

शेवटी काकांकडे गेलो. बसायच्या आधीच बोललो, म्हणजे पुन्हा शेंगदाणे वेचायची वेळ येणार नाही. 'काका, आसिफच्या स्टेटसचं वाक्य मी लिहिलं होतं. आमच्यात दंड असतो. त्याने दुसरं मागितलं होतं, मी दिलं नाही.'

काका हसले. 'अरे मग प्रश्नच मिटला. तू लिहिलंस म्हणजे गंमतच असणार. आम्हाला कळत नाही का?'

म्हटलं, 'म्हणजे तो पुन्हा क्लास सुरू करू शकतो ना?'

काकांनी चष्मा काढला, पुसला. तो चष्मा आसिफकडचाच आहे. म्हणाले, 'तसं नाही. तू लिहिलंस ते ठीक आहे. पण त्याने लावायला नको होतं. त्याला समजायला हवं ना.'

'काय समजायला हवं, काका?'

'आता ते तुला मी सांगायला हवं का? दिवस कसे आहेत बघतोयस. माझ्या मनात काही नाही हो त्याच्याबद्दल. पण पालक आहेत, लोक आहेत. तू चालू ठेव. छान घेतोस म्हणे.'

छान घेतो!

वाईट माणूस नाही हा. तेच तर. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. काकू चहा घेऊन आल्या, मी तो प्यायलो, नातवाच्या शाळेचं विचारलं, आणि 'येतो काका' म्हणून पाया पडल्यासारखं वाकून निघालो. सवय. जिन्यात स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. इथे लिहीत नाही, प्रा. वाचते कधीकधी.

२२ नोव्हें., शनि.

क्लब परत! कॅफे. कीपर खेळला, बोट ठणठणीत. आसिफ आला नाही. त्याच्या खुर्चीवर कोणीतरी जॅकेटं टाकली होती.

नित्याला म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून काकांना भेटू या. दंड आपल्या सगळ्यांचा आहे. नित्या म्हणाला, 'भेटू की. मॅच तर संपू दे.' मॅच संपली, जो तो घरी.

मी गोलला ओरडलो. ओरडताना आठवण आली नाही त्याची, नंतर आली.

२३ नोव्हें.

क्लास रद्द केला. 'सरांची तब्येत बरी नाही' असा मेसेज टाकला. आता ताप मला आलाय.

२४ नोव्हें., सोम.

ऑफिस सुटल्यावर शालिमारला आसिफच्या दुकानात. गाडी लावतानाच दिसलं. दाराच्या वर तिरंगा. नवा कोरा, घडीच्या रेघा अजून तशाच. ऑगस्ट नाही, जानेवारी नाही. आजूबाजूच्या एकाही दुकानावर नाही. मिठाईवाल्याच्या नाही, बॅगवाल्याच्या नाही. फक्त आसिफच्या.

आत एक म्हातारबुवा अक्षरं वाचत होते. ते जाईपर्यंत थांबलो. मग सगळं सांगितलं. माझं स्टेटस, लोक हसले ते, काका काय म्हणाले ते. 'त्याला समजायला हवं' हेही सांगितलं. वाटलं लपवायचं नाही आता काही.

तो काचा पुसत ऐकत होता. म्हणाला, 'सांगितलंस, चांगलं केलंस. तुला बरं वाटलं का?'

'नाही.'

'मला पण नाही.'

'आसिफ, मी चुकलो रे. तू दुसरं मागितलंस तेव्हाच मला...'

'अबे छोड.' पण सोडलं नाही त्याने. फडकं ठेवलं आणि म्हणाला, 'तू म्हटलं की जोक. मी म्हटलं की बयान. हे तुला आत्ता कळलं, मला शाळेपासून माहितीये. क्रिकेटच्या दिवशी वर्गात सगळे माझ्याकडेच बघायचे, मी टाळी वाजवतो की नाही. म्हणून तर फुटबॉल धरला. तिकडचा क्लब. ना हमारा, ना तुम्हारा. तुमच्यात येऊन बसलो की विसरायला व्हायचं यार. तेवढ्यासाठीच यायचो मी.'

डोळे भरून आले, आणि त्याचीच चीड आली. रडायचं त्याने, तर रडतोय मी. त्यानेच पाणी दिलं मला.

झेंड्याचं विचारलं. म्हणाला, 'अम्मीने लावायला सांगितलं. म्हणाली, गिऱ्हाईक कमी झालंय.' मग म्हणाला, 'अपना ही झेंडा है. मला लावायला काय प्रॉब्लेम? पण असं लावायला लागलं ना, त्याचं वाईट वाटतं.'

निघताना म्हटलं, शनिवारी ये ना कॅफेत. डर्बी आहे, त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबशी. म्हणाला, बघतो.

२५ नोव्हें.

काकांना लिहून दिलं की मी क्लास घेणार नाही, घेतला तर आसिफच घेईल. उत्तर: 'बरं. कमिटीत ठेवतो.' पुढे नमस्काराचे हात.

प्रा. म्हणाली, 'आता कुठे माणसासारखा वागलास.' म्हटलं, उशीर झाला ना पण? ती नाही म्हणाली नाही.

२७ नोव्हें.

ग्रुपवर पालकांची कुजबुज. काहींना आसिफ हवाय. दोघींनी तसं मला खासगीत लिहिलं. म्हटलं, हेच सगळ्यांसमोर लिहा ना. 'अहो, उगाच वाद कशाला?'

मीही तेच करत होतो ना इतके दिवस.

२९ नोव्हें., शनि.

डर्बी. संध्याकाळी सहाची. गँगच्या मेसेजेसचा सकाळपासून दंगा. आसिफचं उत्तर नाही. साडेपाचला जर्सी घातली, गाडी काढली, आणि गंगापूर रोडला न वळता शालिमारला गेलो. डर्बी चुकवायची ही पहिलीच वेळ.

आसिफ काउंटरवर होता. मोबाइल चष्म्यांच्या स्टँडला टेकवून उभा केलेला, आवाज मोठा. मला वाटलं डर्बी लावलीय. आनंदाने आत शिरलो आणि बघतो तर इंडियाची मॅच. तीही अंडर-१७. कोणाविरुद्ध ते मला अजूनही नीट माहीत नाही. स्टेडियम रिकामं, कॉमेंट्री करणाऱ्यालाच झोप आलेली.

'बस,' म्हणाला. बसलो.

दोन बायका मुलीचा चष्मा घ्यायला आल्या, आवाज तसाच ठेवला. त्यांच्यातली एक म्हणाली, 'मॅच का?' तो म्हणाला, 'हो ताई, इंडियाची.' इंडियाची हा शब्द जरा जास्तच ठासून. त्या गेल्या. मग बराच वेळ कोणी आलं नाही.

सोमवारी कमिटीची बैठक आहे, त्यात विषय येणार म्हणून त्याला सांगितलं. मी बोलणार आहे, सगळ्यांसमोर विचारणार आहे की माझ्या स्टेटसला हसलात ते का, हेही सांगितलं. 'बोल,' म्हणाला. नजर स्क्रीनवरच.

तेवढ्यात माझा फोन खिशात थरथरला. पुन्हा. पुन्हा. गोल झाला होता, आमचा की त्यांचा कळेना. हात आपोआप खिशाकडे गेला, मी मागे घेतला. आसिफनेही माझ्या खिशाकडे बघितलं. एक क्षणभरच. मला वाटलं आता विचारेल, 'किती?' इतकी वर्षं एकत्र बघतोय, तो दुकानात अडकला असेल तर दर पाच मिनिटांनी 'किती? किती?' असे मेसेज करून जीव खायचा माझा.

नाही विचारलं. मान पुन्हा स्क्रीनकडे. इंडियाच्या पोरांना कॉर्नर मिळाला, घेतला, बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून बाहेर गेला. आसिफ टाळी वाजवून मोठ्यांदा म्हणाला, 'शाबास! शाबास इंडिया!'

मी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. कोणी आलं नव्हतं. दुकानात आम्ही दोघंच होतो.